‘आपला माणूस’ आणि आपले मत



आपल्या वार्षिक अंकात कुलदैवतांची माहिती, कर्तबगार पूर्वजांची चरित्रे, विद्यार्थ्यांच्या यशाच्या वार्ता आणि विद्यार्थिसाह्य निधीचा हिशेब हे सारे नेमाने येत असते. त्या परंपरेत आज थोडा वेगळा विषय मांडण्याचे धाडस मी करीत आहे. त्यास निमित्त झाले ते आपल्याच सभागृहात घडलेल्या एका लहानशा प्रसंगाचे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. निवडणुकीचे दिवस होते आणि संस्थेची वार्षिक सत्यनारायणाची पूजाही त्याच आठवड्यात आली होती. आरती चालू असतानाच एक उमेदवार चार-सहा कार्यकर्त्यांसह आत आले. त्यांनी पादत्राणे बाहेर काढली, तीर्थप्रसाद घेतला, संस्थेने दिलेले शाल-श्रीफळ स्वीकारले आणि ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून, “मी आपलाच माणूस आहे,” एवढे सांगून वसतिगृहाच्या जागेचे आश्वासन दिले. टाळ्या झाल्या. त्या भरात आमच्यापैकी एका पदाधिकाऱ्याने जाहीर करून टाकले की, ह्या खेपेस समाजाचे एकगठ्ठा मत पाहुण्यांच्या पदरात पडेल. पूजा आटोपल्यावर जिना उतरताना एका वयोवृद्ध काकांनी माझा हात धरून हळूच विचारले, “अरे, माझे मत त्याने कुणाला विचारून दिले?”

वसतिगृहाची जागा अद्याप मिळालेली नाही, हे सर्वांस ठाऊकच आहे. त्याहून मोठी हानी अशी झाली की, निराळ्या पक्षाचे काम करणारी दोन कुटुंबे त्या दिवसापासून सभागृहाची पायरी चढली नाहीत. परंतु माझ्या मनात घर करून राहिला तो काकांचा प्रश्न. त्याचा मागोवा घेता घेता असे आढळून आले की, तो एकट्या आपल्या संस्थेचा नाही. गेली शंभराहून अधिक वर्षे हा देश तोच प्रश्न स्वतःला विचारीत आला आहे, आणि त्याचे कायदेशीर उत्तर घडविण्यात आपल्या मुंबई शहरातील चार मतदारसंघांचा वाटा फार मोठा आहे. तो इतिहास आपल्या तरुण मंडळींना माहीत असावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

धर्माच्या नावाने मत मागण्याची रीत उमेदवारांनी शोधून काढण्यापूर्वी ती सरकारनेच घालून दिली होती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १ ऑक्टोबर १९०६ रोजी आगाखान ह्यांच्या नेतृत्वाखालील मुसलमान पुढाऱ्यांचे शिष्टमंडळ सिमला येथे व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो ह्यांस भेटले, आणि १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ अस्तित्वात आले. म्हणजे उमेदवार मुसलमान, आणि त्यास मत देणारेही केवळ मुसलमानच. १९१६ च्या लखनौ करारात राष्ट्रसभेने ह्या व्यवस्थेस मान्यता दिली. लोकमान्य टिळकांनी त्या कराराचा पुरस्कार केला, तो परकीय सत्तेपुढे दोन्ही समाज एकजुटीने उभे राहावेत ह्या हेतूने. पुढे १९१९ च्या सुधारणांनी पंजाबात शिखांसही विभक्त मतदारसंघ दिले.

त्याच सुमारास आपल्या मुंबई इलाख्यात निराळा प्रयोग झाला. कायदे कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या. मात्र त्या जागांसाठी मतदान करणारे मतदार सर्व जातींचे होते. वरवर पाहता दोन्ही व्यवस्था सारख्याच वाटतात, परंतु त्यांचा स्वभाव भिन्न आहे. जेथे सर्वांची मते मिळवावी लागतात, तेथे उमेदवारास चार घरी जाऊन चार प्रकारच्या माणसांशी बोलावे लागते. जेथे केवळ स्वधर्मीयांचीच मते मोजली जातात, तेथे जो अधिक कडवा बोलेल तो अधिक खरा ठरतो. इतरांस दुखविल्याने त्याचे काहीच बिघडत नाही. १९३२ च्या सप्टेंबर महिन्यात येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधींचे उपोषण चालू असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि इतर पुढारी ह्यांच्यात जो पुणे करार झाला, त्याच्या मुळाशीही हाच भेद होता. दलित वर्गांना विभक्त मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांतून प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा देण्याचे त्यात ठरले. दलितांचे खरे प्रतिनिधित्व कोणत्या मार्गाने साधते, ह्याविषयीचा वाद पुढेही चालू राहिला. परंतु मतदार कोण असावेत हा प्रश्न किती खोल आहे, ते त्या दिवसांनी साऱ्या देशाला दाखवून दिले.

विभक्त मतदारसंघांचे विष कसे भिनत गेले, ह्याची दोनच उदाहरणे देतो. १९२६ च्या निवडणुकीत पंडित मोतीलाल नेहरूंविरुद्ध संयुक्त प्रांतात असा प्रचार झाला की, ते हिंदूंचे वैरी आहेत, गोमांस खातात आणि उघड्यावर गोवध करण्यास कायद्याची मान्यता मिळवून देणार आहेत. स्वराज्याच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेला तो थोर कायदेपंडित त्या प्रचाराने इतका विषण्ण झाला की, त्यावेळी युरोपात असलेल्या आपल्या पुत्रास लिहिलेल्या पत्रात त्याने ती व्यथा मोकळी केली. मतदार हिंदूच असल्यामुळे असा प्रचार करणाऱ्यास काहीही गमवावे लागत नव्हते. दुसरे उदाहरण १९४५-४६ च्या निवडणुकांचे. पंजाबात मुस्लिम लीगच्या बाजूने दर्ग्यांचे पीर व सज्जादानशीन ह्यांची आवाहने गावोगाव फिरली, आणि लीगला मत न देणे म्हणजे इस्लामला मत न देणे अशी भाषा रूढ झाली. मध्यवर्ती कायदेमंडळातील मुसलमानांच्या तीसही जागा लीगने जिंकल्या. पुढे दीड वर्षात काय घडले, त्याची वेदना निर्वासितांच्या छावण्या पाहिलेल्या पिढीने जन्मभर वागविली.

घटना समितीतील मंडळी हा अनुभव ताजा असतानाच कामास बसली होती. सरदार वल्लभभाई पटेल ह्यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीच्या शिफारशीवरून १९४७ मध्ये विभक्त मतदारसंघ रद्द झाले, आणि १९४९ मध्ये धर्मावर आधारलेल्या राखीव जागांचाही त्याग करण्यात आला. राज्यघटनेच्या ३२५ व्या कलमाने प्रत्येक मतदारसंघासाठी एकच मतदारयादी ठरवून दिली, आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग ह्या कारणास्तव कोणासही त्या यादीबाहेर ठेवता येणार नाही असे सांगितले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लक्ष स्त्री-पुरुषांची नावे अशा याद्यांत होती. त्या निवडणुकीत फुलपूर भागात पंडित जवाहरलाल नेहरूंविरुद्ध प्रभुदत्त ब्रह्मचारी हे संन्यस्त वृत्तीचे गृहस्थ हिंदू कोड बिलास विरोध करण्यासाठी उभे राहिले. धर्मनिष्ठ म्हणून प्रसिद्ध असलेल्या प्रयागच्या परिसरातील त्या मतदारांनी ब्रह्मचाऱ्यांस मोठ्या फरकाने पराभूत केले. धर्माची भीड आणि मताचा विवेक ह्या दोन गोष्टी आपला अशिक्षित म्हणविला जाणारा मतदार वेगवेगळ्या ठेवू शकतो, ह्याचे ते पहिलेच मोठे प्रत्यंतर होय.

तरीही केवळ मतदाराच्या विवेकावर विसंबून न राहता १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमात धर्म, जात, वंश, समाज ह्यांच्या आधारे मत मागण्यास प्रतिबंध करण्यात आला. सुरुवातीस कायद्याची भाषा ‘पद्धतशीर आवाहन’ अशी होती, म्हणजे एखादे तुरळक वाक्य त्यात सापडत नसे. १९६१ च्या दुरुस्तीने ‘पद्धतशीर’ हा शब्द वगळला, भाषेचाही त्यात समावेश केला, आणि ‘त्याचा धर्म’ अशा अर्थाचा एक लहानसा शब्द घातला. ह्या ‘त्याचा’ शब्दाने पुढे न्यायालयांस किती विचार करावयास लावला, ते पुढे सांगतो. हा अपराध सिद्ध झाल्यास निवडणूक रद्द होते, आणि जास्तीत जास्त सहा वर्षांची अपात्रता येऊ शकते.

आरंभीच्या काळातील दोन निकाल मोठे उद्बोधक आहेत. बिहारमध्ये झारखंड पक्षाची खूण कोंबडा होती. त्या पक्षाच्या १९५७ च्या एका पत्रकात तो कोंबडाच आदिवासींशी बोलतो आणि मतांच्या रूपाने चारा मागतो, अशी कल्पना होती. आदिवासींच्या देवपूजेत कोंबड्यास जे स्थान आहे ते लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने हे धर्माच्या नावाने केलेले आवाहन ठरविले. उलट पंजाबातील १९६२ च्या निवडणुकीत पंथाची शान राखण्याचे आवाहन करणारे भित्तिपत्रक न्यायालयापुढे आले, तेव्हा सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर ह्यांनी निर्णय दिला की, त्या पत्रकातील ‘पंथ’ ह्याचा अर्थ अकाली पक्ष एवढाच होतो. सबब दोष लागत नाही. आमच्या सातारच्या ह्या विद्वान न्यायमूर्तींनी पत्रक एकंदर वाचून त्याचा सरळ अर्थ पाहावा, असा जो दंडक घातला तो पुढेही उपयोगी पडला. शब्द एकच असतो. तो कोणत्या सभेत, कोणापुढे आणि कशासाठी उच्चारला, ह्यावर त्याचा अर्थ ठरतो.

आता आपण मुंबईकडे वळू. १९७२ च्या विधानसभा निवडणुकीत कुंभारवाडा मतदारसंघातून मुस्लिम लीगचे झियाउद्दीन बुखारी निवडून आले. त्यांचे प्रतिस्पर्धी शौकत छागला हेही मुसलमानच होते. बुखारी ह्यांनी भाषणांतून छागला हे खरे मुसलमान नव्हेत असे मतदारांच्या मनावर बिंबविले. उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली, आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. येथे दोन धर्मांची स्पर्धा नव्हतीच. एकाच धर्माच्या दोन माणसांत ‘अधिक आपला’ कोण, एवढीच स्पर्धा होती. ज्ञातिसंस्थांनी हे उदाहरण विशेष लक्षात ठेवावे. कारण जेथे सगळेच आपले असतात, तेथे ‘खरा आपला’ कोण ही चुरस अधिक कटू होते.

पुढे १९८७ च्या डिसेंबरात विलेपार्ले येथे पोटनिवडणूक झाली. शिवसेनेच्या पाठिंब्याने डॉ. रमेश प्रभू उभे होते व काँग्रेसचे प्रभाकर कुंटे त्यांचे प्रतिस्पर्धी होते. २९ नोव्हेंबर, ९ डिसेंबर व १० डिसेंबर ह्या दिवशी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे ह्यांची भाषणे झाली. ही निवडणूक हिंदूंच्या रक्षणासाठी लढविली जात आहे आणि मुसलमानांच्या मतांची आपणांस पर्वा नाही, असा त्यांचा आशय न्यायालयाने नोंदविला आहे. डॉ. प्रभू विजयी झाले. कुंटे ह्यांनी निवडणूक अर्ज केला. १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरविली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. १९९९ मध्ये निघालेल्या आदेशाने ठाकरे ह्यांचा मतदानाचा व निवडणूक लढविण्याचा अधिकार सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. एवढ्या मोठ्या नेत्याच्या बाबतीत हे कलम इतक्या कठोरपणे लागू व्हावे, ही गोष्ट विरळाच.

मात्र त्याच दिवशी, त्याच न्यायपीठाने दादर मतदारसंघातील १९९० च्या निवडणुकीबाबत निराळा निकाल दिला. मनोहर जोशी ह्यांची निवडणूक उच्च न्यायालयाने रद्द केली होती. महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल, हे त्यांचे वाक्य केवळ आशेचा उच्चार आहे, धर्माच्या आधारे केलेली मतयाचना नव्हे, असे सांगून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा ह्यांच्या पीठाने ती निवडणूक वैध ठरविली. ‘हिंदुत्व’ हा शब्द सामान्यतः जीवनपद्धतीचा वाचक असून तो उच्चारताच दोष लागतो असे नव्हे, हे मतही त्याच निकालांत आले. त्यावर वर्षानुवर्षे चर्चा झाली. काहींस तो शब्द निर्दोष ठरल्याचे समाधान वाटले, तर काहींस कायद्यास पळवाट मिळाली असे वाटले. मनोहर जोशी त्या दिवशी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

ही सवय कोणत्याही एका पक्षाची मिरास नव्हे, हेही निःपक्षपातीपणे सांगितले पाहिजे. दिल्लीच्या जामा मशिदीच्या शाही इमामांचा पाठिंबा १९७७ मध्ये जनता पक्षाने, तर १९८० मध्ये काँग्रेसने आनंदाने घेतला. १९८९ च्या लोकसभा निवडणुकीत पंतप्रधान राजीव गांधी ह्यांनी प्रचाराचा आरंभ अयोध्येच्या शेजारी फैजाबाद येथून, रामराज्याचे अभिवचन देऊन केला. ती निवडणूक त्यांचा पक्ष हरला. देवाच्या दारात उभे राहिल्याने मते मिळतातच असा काही नेम नाही. परंतु पुढच्या उमेदवारास त्याहून एक पायरी वर चढावे लागते, एवढे मात्र नक्की.

चौथा मतदारसंघ सांताक्रूझचा. तेथील १९९० च्या निवडणुकीतून भारतीय जनता पक्षाचे अभिराम सिंह ह्यांचा खटला उद्भवला आणि तो अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेला. ‘हिंदुत्व’ शब्दाचा प्रश्न पुन्हा उकरून काढण्यास पीठाने नकार दिला. प्रश्न उरला तो त्या लहानशा ‘त्याचा’ शब्दाचा. त्याचा म्हणजे कोणाचा? केवळ उमेदवाराचा, की मतदाराचाही? २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा मताधिक्याने निकाल लागला की, मतदाराच्या धर्माचा, जातीचा वा भाषेचा आधार घेऊन मत मागणे हाही भ्रष्ट आचारच होय. सरन्यायाधीश टी. एस. ठाकूर, न्यायमूर्ती मदन लोकूर, नागेश्वर राव आणि आपले नागपूरचे शरद बोबडे हे बहुमतात होते. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, उदय लळित आणि आदर्श गोयल ह्यांनी भिन्न मत दिले. धर्म, जात, भाषा ह्यांच्यामुळे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अन्याय सोसला, त्यांनी त्या अन्यायाचा उच्चार निवडणुकीत करावयाचाच नाही काय, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. एका मराठी न्यायमूर्तीचे मत एका बाजूस आणि दोघांचे दुसऱ्या बाजूस, आणि तिघेही पुढे सरन्यायाधीश झाले. ह्यावरूनच प्रश्नाची अवघड जात कळून येते.

वाचकहो, आपल्या मायबोलीत हा वाद एका शब्दात मावतो. ‘आपला’ हा शब्द पाहा. “मी आपलाच माणूस आहे,” असे उमेदवार म्हणतो तेव्हा त्यात तो स्वतःही येतो आणि ऐकणाराही येतो. कायद्यातील ‘त्याचा’ शब्दाचा अर्थ लावण्यास सात न्यायमूर्ती बसले. आपल्या ‘आपला’ शब्दात दोन्ही अर्थ आधीच नांदत आहेत. म्हणूनच तो इतका गोड लागतो, आणि म्हणूनच इतका धोक्याचा आहे.

भिन्न मत देणाऱ्या न्यायमूर्तींचे म्हणणे मला विचारार्ह वाटते. आपल्या समाजातील मुलींना वसतिगृह नाही, आपल्या पारंपरिक व्यवसायास कर्ज मिळत नाही, अमुक गावी आपल्या वस्तीस पाणी नाही, हे सांगणे म्हणजे जातीयता नव्हे. ती अडचण आहे आणि ती मांडण्यासाठीच आपली संस्था आहे. परंतु अडचण मांडणे निराळे आणि मत गहाण टाकणे निराळे. पहिल्यात उमेदवारास उत्तर द्यावे लागते. दुसऱ्यात त्यास केवळ प्रसाद घ्यावा लागतो. आमच्या त्या पूजेच्या दिवशी पाहुण्यांना वसतिगृहाविषयी एकही प्रश्न कोणी विचारला नाही, कारण ते ‘आपले’ होते. परक्यास आपण दहा प्रश्न विचारले असते.

कायद्यावर सर्व भार टाकून मोकळे होण्यासारखीही स्थिती नाही. सांताक्रूझच्या निवडणुकीतून निघालेल्या प्रश्नाचे अंतिम उत्तर मिळावयास सत्तावीस वर्षे लागली. ज्या विधानसभेसाठी ते मतदान झाले, तिची मुदत १९९५ मध्येच संपली होती. पार्ल्याच्या निकालासही आठ वर्षे लागली. शिवाय निवडणूक अर्ज निकालानंतर पंचेचाळीस दिवसांच्या आत करावा लागतो, आणि ते भाषण उमेदवाराच्या किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या संमतीने झाले हेही सिद्ध करावे लागते. १९८८ च्या कायद्याने धार्मिक संस्थांच्या जागेचा राजकीय कामासाठी वापर करण्यास मनाई केली, आणि देवळे, मशिदी, चर्चे ह्यांत प्रचार करू नये असे आदर्श आचारसंहिताही सांगते. तथापि पूजेस आलेल्या पाहुण्यास कोणता पोलीस अडविणार? तेथे अडविणारे आपणच.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवीत आहे. पहिली, निवडणूक जाहीर झाल्यापासून मतदानाच्या दिवसापर्यंत संस्थेच्या कोणत्याही धार्मिक वा सामाजिक कार्यक्रमात उमेदवाराचा सत्कार करू नये. तो दर्शनास आल्यास इतर भाविकांप्रमाणे त्याचे स्वागत व्हावे, ध्वनिक्षेपक मात्र त्याच्या हाती देऊ नये. दुसरी, उमेदवारांचे विचार ऐकावयाचेच असल्यास मतदारसंघातील सर्व प्रमुख उमेदवारांस एकाच दिवशी पाचारण करावे आणि शिक्षण, वसतिगृह, पाणी, रोजगार ह्यांविषयीचे प्रश्न लेखी द्यावेत. त्यांची उत्तरे पुढील अंकात जशीच्या तशी छापावीत. तिसरी, संस्थेच्या नावाने कोणत्याही पदाधिकाऱ्याने मताचे अभिवचन देऊ नये. दिल्यास कार्यकारी मंडळाने त्याचा जाहीर इन्कार करावा.

त्या दोन कुटुंबांच्या घरी ह्या दिवाळीत मी स्वतः जाऊन आलो. त्यांनी चहा दिला, मुलांची प्रगती सांगितली, जुन्या स्नेहसंमेलनांच्या आठवणी काढल्या. सभागृहात केव्हा येणार, ह्या प्रश्नास मात्र उत्तर दिले नाही. वरील ठराव मंजूर झाल्यास त्याची प्रत घेऊन मी पुन्हा त्यांच्या दारी जाणार आहे. काका आता आपल्यात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर सभेने द्यावे, ही प्रार्थना. इत्यलम्.